आठव्या घरचे पाहुणे

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. मोजून सात घरे कोणी पाहिली आहेत कोण जाणे. पण व्यालेली मांजरी जागा बदलते हे खरे आणि त्यात तिचे शहाणपणही आहे. एकाच कोपऱ्यात फार दिवस राहिले की तिथे घाण साठते, पिसवा वाढतात, वास सुटतो आणि त्या वासावर एखादा बोका नाही तर कुत्रा येऊन ठेपतो. म्हणून ती एकेका पिल्लाची मानगूट तोंडात धरून माळ्यावरून जिन्याखाली, जिन्याखालून शेजारणीच्या कपाटामागे अशी बिऱ्हाडे हलवीत असते.

हल्ली शहरांतल्या पिल्लांच्या नशिबी याखेरीज एक आठवे घर येऊ लागले आहे. जुनी इमारत पाडायला घेतात, बंद गॅरेज रिकामे करतात, आई मोटारीखाली सापडते, किंवा कोणी पुण्यवान गृहस्थ डोळेही न उघडलेले चार जीव पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून जातो. मग प्राण्यांची काळजी घेणाऱ्या एखाद्या संस्थेतून फोन येतो, "काकू, महिनाभर सांभाळाल का? कायमचे घर मिळेपर्यंतच!" या तात्पुरत्या आश्रयाला 'फॉस्टर होम' म्हणतात आणि मुंबई-पुण्याच्या मराठीत हा शब्द आता चांगला रुळला आहे. काकू 'हो' म्हणतात. संध्याकाळी बेल वाजते, दारात पुठ्ठ्याचे खोके घेऊन कोणी उभे असते, आणि खोक्यातून एवढीशी म्याँव ऐकू येते.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत काय होते ते सांगायला नकोच. मुले धावत येतात. पिल्ले या मांडीवरून त्या मांडीवर फिरतात. शेजारची बेबी आपल्या घरचे मांजर तसेच सोडून ती पाहायला येते. घरचा जुना बोका खोक्यात नाक खुपसून फिसकारतो. बशीत गाईचे दूध येते. रात्री सगळी पिल्ले बोक्याच्याच गादीवर झोपतात आणि घरची मंडळी म्हणतात, "पाहा कशी रुळली!"

वाईट बातमी पाचव्या-सहाव्या दिवशी कळते. पिल्ले कधी एकटी येत नाहीत. ती काय काय बरोबर घेऊन आली आहेत हे दिसत नाही, एवढेच.

चीक आणि चुकलेली वेळ

खरवस आपण आवडीने खातो. गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांत जो चीक येतो, तसाच तो मांजरीलाही येतो. या चिकात आईने आयुष्यभर ज्या ज्या रोगांशी झुंज दिली त्यांची प्रतिद्रव्ये असतात. नवजात पिल्लाचे आतडे जन्मानंतर जेमतेम एक दिवस ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते. मग ते दार बंद होते. ज्याला आईचे दूध त्या दिवशी मिळाले त्याची पहिल्या काही आठवड्यांची शिदोरी झाली. ज्याला मिळाले नाही, तो उघड्यावर पडला.

शिदोरीही पुरते किती? काही पिल्लांत ती सहाव्या आठवड्यातच संपते, काहींत सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त टिकते. गंमत अशी की, ही आईची प्रतिद्रव्ये अंगात असेपर्यंत लस टोचली तर ती लसीलाही शत्रू समजून निकामी करतात. म्हणजे आईचे संरक्षण रोगाला अडवायला अपुरे, पण लसीला अडवायला पुरेसे, असे काही दिवस प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येतात आणि ते नेमके कधी येतात हे बाहेरून ओळखता येत नाही. पुष्कळ लोकांना वाटते की डॉक्टर फीसाठी तीन तीन खेपा घालायला लावतात. तसे नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू निदान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची ती एवढ्याचसाठी, की त्यातली एखादी मात्रा योग्य वेळी लागू पडावी. फॉस्टर घरी येणारी पिल्ले बहुधा याच अधांतरी वयातली असतात. त्यातून आई नाही, उपासमार झालेली, प्रवास घडलेला, थंडी लागलेली. रोगाला याहून अधिक काय हवे?

'कोणीतरी विष घातले!'

वाडीतले मांजर काल संध्याकाळपर्यंत खेळत होते आणि आज सकाळी पाण्याच्या भांड्यापाशी मान टाकून पडले आहे, हे दृश्य दिसले की पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. 'कोणीतरी विष घातले' म्हणून वर्षानुवर्षांचे अबोले धरलेले लोक आहेत. त्यांतल्या कित्येक प्रकरणांत शेजारी निर्दोष असला पाहिजे. कारण मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया नावाच्या रोगाचा जोराचा झटका नेमका असाच दिसतो.

नाव अवघड आहे, पण अर्थ सरळ आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सपाट्याने नाहीशा होणे. हा विषाणूचा रोग आहे हे १९२८ साली व्हर्ज आणि क्रिस्तोफोरोनी या फ्रेंच संशोधकांनी दाखवले. शरीरात जिथे पेशी भराभर वाढत असतात, तिथे हा विषाणू घुसतो: आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, आणि गाभण मांजरीच्या पोटातल्या पिल्लांचा लहान मेंदू. झोकांड्या खात चालणारी, मान डोलवणारी जी पिल्ले आपण कधी कधी पाहतो, त्यांच्या आईला गाभण असताना हा रोग होऊन गेलेला असणे अगदी शक्य आहे. अशी पिल्ले मोठी होतात, आनंदाने जगतात. फक्त कपाटावर उडी मारायच्या भानगडीत पडू नयेत.

बाकीच्यांचे नशीब एवढे बरे नसते. ताप, मलूलपणा, पिवळसर फेसाची वांती, दुर्गंधीयुक्त जुलाब. पाण्यावर तोंड नेऊन बसायचे पण प्यायचे नाही. या विषाणूला थेट मारणारे खात्रीचे औषध नाही. शिरेतून पाणी व क्षार, वांती थांबवणारी औषधे, दुय्यम जंतूंसाठी प्रतिजैविके, ऊब, हे सगळे देऊन पिल्लाला तगवायचे आणि त्याच्या पांढऱ्या पेशी परत येईपर्यंत वाट पाहायची. वेळेवर डॉक्टरकडे गेलेली काही वाचतात. न नेलेली लहान पिल्ले बहुतेक जातात, आणि पुष्कळदा सगळी खेपच्या खेप जाते.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते दहा दिवस जातात, क्वचित थोडे अधिक. या मधल्या दिवसांत पिल्लू खेळते, खाते, गोंडस दिसते आणि लक्षणे दिसण्याच्या आधीच विष्ठेतून विषाणू टाकू लागते. बरे झालेले पिल्लूही पुढे काही आठवडे ते टाकीत राहते. आणि हा विषाणू चिवट किती? घरातल्या फटीत, गालिच्यात, लाकडात तो वर्षभर टिकू शकतो. तो मांजराच्या अंगाला अंग लागण्याची वाट पाहत नाही; तुमच्या चपलेच्या तळव्याला, पदराला, झाडूला चिकटून येतो. म्हणून कधीच दाराबाहेर न पडलेल्या मांजरालाही हा रोग होतो आणि घरचे लोक चकित होतात.

त्यात १९७८ च्या सुमारास आणखी एक भर पडली. कुत्र्यांचा जो पार्व्हो रोग आज घरोघर माहीत आहे, तो त्या वर्षांत जगभर एकाएकी पसरला. मांजरांच्या या विषाणूच्याच जवळच्या नात्यातला तो. त्याचे पुढचे प्रकार उलट मांजरांनाही बाधू लागले. तेव्हा पार्व्हो झालेल्या कुत्र्याला हात लावून आल्यावर त्याच हातांनी पिल्लाला दूध पाजू नये. हे नाते एका बाबतीत उपयोगीही पडते: कुत्र्यांच्या पार्व्होसाठी विष्ठा तपासण्याची जी झटपट पट्टी असते, ती डॉक्टर मांजरांसाठीही वापरतात.

शिंका, डोळे आणि गजकर्ण

दुसरी तक्रार कमी भयंकर पण जास्त सार्वत्रिक. दहा खोकी आली तर त्यांतल्या बऱ्याच खोक्यांत कोणी ना कोणी शिंकत असतेच. मांजरांच्या सर्दीमागे मुख्यतः दोन विषाणू असतात, हर्पीस आणि कॅलिसी. हर्पीसमध्ये डोळे चिकटतात, सुजतात. दुर्लक्ष झाले तर डोळा कायमचा जातो. कॅलिसीमध्ये जिभेवर फोड येतात, पिल्लू भुकेले असूनही खायला बघत नाही. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही म्हणजे जेवण नाही. अशा वेळी अन्न जरा कोमट करून द्यावे, नाक-डोळे कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसावेत. प्रत्येक पिल्लाला, आणि प्रत्येक डोळ्यालासुद्धा, वेगळा बोळा. हर्पीस एकदा झाला की बहुधा जन्मभर अंगात दडून राहतो आणि मांजर घाबरले, जागा बदलली, उपास पडला की पुन्हा डोके वर काढतो. घरचा वरून धडधाकट दिसणारा बोकाच नव्या पिल्लांना सर्दी देतो, असेही घडते. दोष नेहमी पाहुण्यांचाच असतो असे नाही.

शिंकेचे तुषार चार-पाच फुटांपर्यंत जातात. पण खरा वाहक म्हणजे आपला हात. एकाचे नाक पुसून दुसऱ्याला उचलणारा.

तिसरे गजकर्ण. याला इंग्रजीत किड्याचे नाव असले तरी किडा वगैरे काही नाही, ती बुरशी आहे. पिल्लाच्या कानामागे, नाकावर, पंजावर केस जाऊन खपली धरते. पुष्कळदा आधी कळते ते घरातल्या मुलाच्या हातावर गोल लाल चट्टा उठल्यावर! जीव घेणारा हा रोग नव्हे. पण गळलेल्या केसांबरोबर बुरशीचे बीजाणू घरभर जातात आणि महिनोन्‌महिने टिकतात. डॉक्टर जांभळ्या दिव्याखाली केस पाहतात. हिरवट चमकले तर संशय पक्का होतो, मात्र चमकले नाहीत म्हणून सुटलो असे समजू नये.

पिसवा आणि जंत यांना लोक रोग समजतच नाहीत. पण दोन-तीनशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगावर पिसवा झाल्या तर त्या रक्त पिऊन त्याला अक्षरशः पांढरे करतात. हिरडी उचलून पाहावी. गुलाबी हवी, कागदासारखी नको. उवा-लिखा काढायची बारीक फणी इथे उत्तम. अंग विंचरावे आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध चुकूनही मांजराला लावू नये. त्यांपैकी कित्येकांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला मारक आहे. गोल जंत तर आईच्या दुधातूनच येतात, म्हणून जंताचे औषध डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवड्यांच्या वयापासूनच सुरू करतात, आणि वजनाप्रमाणेच देतात.

न्हाणीघरातला लाझारेट

आता उपाय. तो नवा नाही. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा या बंदराने प्लेगच्या गावाहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या 'चाळीस' या शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द आला. आपल्याला तो फार महागात शिकावा लागला. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आहे हे डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले, आणि त्यानंतर गावोगाव लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. ('प्लेगात माळावर होतो' असे सांगणारी आजी पुष्कळांच्या घराण्यात होऊन गेली.) त्या काळात मांजरांचे भाग्यही उजळले होते, हे येथे सांगायला हरकत नाही. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकानन यांनी १९०८ च्या सुमारास, ज्या घरांत मांजर असते तिथे उंदीर कमी आणि म्हणून प्लेगही कमी, असे आवर्जून मांडले होते. आपल्याला प्लेगपासून राखणाऱ्या जातीच्या पोरांना चौदा दिवसांची एक खोली द्यायला काय हरकत आहे?

"खोली? दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो!" वाचक म्हणतील. बरोबर आहे. परदेशी पुस्तकांत 'एक रिकामी खोली घ्या' असे सहज लिहिलेले असते. ते वाचून आपल्याकडच्या गृहिणीने काय करावे? तर न्हाणीघर घ्यावे. फरशी धुता येते, दार लागते, गालिचा नाही, सोफा नाही. सकाळी अंघोळीच्या वेळी पिल्ले मोठ्या पिंजऱ्यात, अंघोळी झाल्यावर फरशी कोरडी करून पुन्हा मोकळी. ओल्या फरशीवर मात्र पिल्लू ठेवू नये. जाळी लावलेली बाल्कनीही चालते, पाऊस आणि ऊन यांची सोय असेल तर. तेही नसेल तर खोलीच्या एका कोपऱ्यात मोठा पिंजरा, त्याच्या घरच्या मांजराकडच्या बाजूला चादर, आणि घरचे मांजर पाच-सहा फुटांच्या आत येणार नाही अशी तजवीज. हा शेवटचा उपाय कच्चाच आहे. शक्य असेल तर ते चौदा दिवस घरच्या मांजरालाच बहिणीकडे पाठवावे. आणि घरच्या मांजराचे लसीकरण पाहुणे येण्याच्या निदान दोन आठवडे आधी झालेले असावे. बेल वाजल्यावर लस आठवून उपयोग नाही.

आई बरोबर आली असेल तर तिला आणि पिल्लांना तोडू नये. ते एक बिऱ्हाड समजावे. पण दोन वेगवेगळ्या ठिकाणची पिल्ले, वय सारखे दिसते म्हणून, एका पिंजऱ्यात घालू नयेत. 'तेवढीच एकमेकांना सोबत' ही कल्पना गोड आहे आणि तिने फार पिल्ले मारली आहेत. दहाव्या दिवशी नवे पिल्लू आत घेतले तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

त्या कोपऱ्याचे सगळे सामान त्याचेच: ताटल्या, पाण्याचे भांडे, शीची पेटी, झाडू, टॉवेल. दाराशी एक जुना सदरा खुंटीला आणि एक चपलांचा जोड. आत जाताना तो चढवायचा, बाहेर येताना तिथेच काढायचा. कामाचा क्रमही ठरलेला हवा: आधी घरच्या मांजराचे खाणेपिणे, मग निरोगी पाहुणे, सर्वांत शेवटी आजारी पिल्लू. उलट कधीही नाही. सोवळ्याचे नियम पाळलेल्या घरांत हे लगेच कळते. तीच शिस्त, फक्त कारण निराळे.

पेटीत काय घालावे? पुष्कळ लोक शेजारच्या बांधकामाच्या ढिगातून रेती आणतात. तो ढीग म्हणजे गल्लीतल्या यच्चयावत मांजरांचे सार्वजनिक शौचालय! पाहुण्यांना रोगापासून दूर ठेवायचे आणि रोगच टोपलीत भरून आणायचा, असा हा प्रकार होतो. वर्तमानपत्राचे तुकडे बरे. रोज बदलावेत, बांधून फेकावेत.

फिनेलची बाटली

या विषयात सर्वांत जास्त घात होतो तो स्वच्छतेच्या नावाखाली, म्हणून येथे जरा थांबतो. आपल्याकडे 'जंतू' म्हटले की हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. पांढरे फिनेल, काळे फिनेल, आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी ती तपकिरी औषधी बाटली. यांतल्या कित्येकांत फिनॉल जातीची द्रव्ये असतात. माणसाचे यकृत ती द्रव्ये ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकते, ती रीत मांजराच्या यकृताला जवळजवळ साधतच नाही. पिल्लू त्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते. तेव्हा त्या खोलीत ही औषधे बंद. याच कारणाने तापाची नेहमीची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला विष आहे. 'अर्धीच दिली' म्हणून सांगणाऱ्यांनी ऐकावे: अर्धीही प्राण घेते.

बरे, या औषधांनी तो चिवट विषाणू मरतो म्हणावे तर तसेही नाही. २०२० च्या महामारीपासून घरोघर हात चोळायच्या अल्कोहोलच्या बाटल्या आल्या. कोरोनाच्या विषाणूला बाहेरून एक स्निग्ध आवरण असते. साबण आणि अल्कोहोल ते आवरण फोडतात, म्हणून तो मरतो. मांजराच्या हर्पीसलाही असेच आवरण आहे. पण पॅनल्यूकोपेनिया आणि कॅलिसी यांना आवरणच नाही; पहिल्यावर अल्कोहोलचा परिणाम होत नाही असेच धरून चालावे, दुसऱ्यावरही तो भरवशाचा नाही. मग हात साबणाने धुऊन काय साधते? विषाणू मरत नाही, पण वाहत्या पाण्याखाली खळखळून चोळले की निघून मोरीत जातो. तेवढे पुरे. बाटली नको, नळ हवा.

फरशीसाठी आणि भांड्यांसाठी स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे कपडे पांढरे करायचे ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. पाच टक्क्यांच्या आसपासचे ब्लीच असेल तर एक भागाला बत्तीस भाग पाणी, म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिलिटर. पण आधी जागा साबणाने घासून स्वच्छ धुतलेली पाहिजे. घाण शिल्लक असेल तर ब्लीच घाणीशीच लढून दमते. मग द्रावण ओतून घड्याळात बघून दहा मिनिटे ओले राहू द्यावे, नंतर साध्या पाण्याने धुऊन वाळवावे. हे सर्व होईपर्यंत पिल्ले दुसरीकडे. द्रावण रोजचे रोज करावे, कालचे वापरू नये. आणि संडास धुण्याच्या ॲसिडात ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू मांजर आणि मालकीण दोघांनाही आडवे करील. मुताने भरलेल्या पेटीतही थेट ब्लीच ओतू नये; आधी पेटी धुवावी.

लाकडी फळी, काथ्याचे पायपुसणे, कापसाची गादी यांना हे लागू पडत नाही. त्या वस्तू आत न्यायच्याच नाहीत. पिल्लांना जुने टॉवेल आणि पुठ्ठ्याचे खोके द्यावे. आजार निघाला तर बांधून टाकून देता येतात. उन्हात वाळवणे चांगलेच, पण केवळ उन्हावर विसंबू नये.

वहीचे एक पान

या चौदा दिवसांत डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते ती स्वयंपाकघरातली वजनाची काट्याची तबकडी आणि शाळेची जुनी वही. प्रत्येक पिल्लाला एक पान. रोज एकाच वेळी वजन, खाणे, शी कशी झाली, डोळे-नाक, खेळले की नाही. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवे. डोळ्यांना पिल्लू ठीक दिसत असतानाच काटा सांगतो की आज वाढ नाही, आणि चोवीस तास वाढ नाही म्हणजे डॉक्टरांकडे जायचे. 'उद्या बघू' हे माणसाच्या मुलाला कधी चालते. पिल्लाला उद्या नसतो. एक वांती, एक जुलाब, एक वेळचा न खाणे आणि कोपऱ्यात पाठ फिरवून बसणे, यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली की वही घेऊन निघावे. दवाखान्यात पोचल्यावर खोके बाकावर ठेवण्याआधी आत सांगावे की संसर्गाचा संशय आहे. बाहेर दुसऱ्यांची मांजरेही बसलेली असतात.

थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग अन्न. गार पिल्लाच्या पोटात दूध जिरत नाही आणि ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, आणि मग हा जुलाब दुधाचा की रोगाचा हे डॉक्टरांनाही सांगता येईना! पिल्लांसाठीचे तयार दूध मिळते, तेच द्यावे.

माणसांबद्दलही दोन शब्द. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाने चावा घेतला किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज कुत्र्यापुरताच असतो हा समज प्राणघातक आहे. पिल्लाला स्वतःला ती लस तीन महिन्यांच्या वयात मिळते, तोवर शंका गृहीतच धरायची. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर शीची पेटी तिने साफ करू नये. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवाची बीजे मांजराच्या विष्ठेतून पडतात. पण पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी ती बाधक होतात, म्हणून दुसऱ्या कोणी रोजच्या रोज पेटी साफ केली तर भीतीचे कारण उरत नाही. मांजरालाच घराबाहेर काढा म्हणणाऱ्या आत्याबाईंना हे अवश्य वाचून दाखवावे.

'नाही' म्हणण्याची वेळ

आणि एवढे करूनही एखाद्या खेपेला पिल्लू दगावते. चाचणीत पॅनल्यूकोपेनिया निघतो. अशा दुःखात तिसऱ्याच दिवशी पुन्हा फोन येतो, "काकू, जिन्यात पाच पिल्ले आहेत, रात्री पाऊस येणार आहे." हो म्हणावेसे वाटते. रिकामे खोके समोर असते, हात रिकामे असतात. तरीही उत्तर 'नाही' हेच असले पाहिजे. ज्या न्हाणीघरात पिल्लू गेले, तिथे लस न झालेले पिल्लू महिनोन्‌महिने, सावधगिरीने वागायचे तर वर्षभर, आणू नये. मोठे, पुरते लसीकरण झालेले मांजर मात्र आणता येईल. जीव वाचवायला निघालेली माणसेच या घरातून त्या घरात रोग नेतात, हे या क्षेत्रातले सर्वांत कडू सत्य आहे आणि ते फोनवर बोलायला फार कठीण जाते. 'माझ्याकडे रोग झालाय' हे कबूल करायला काहींना कमीपणा वाटतो. लपवतात. मग त्यांची चादर, त्यांचा पिंजरा उसना जातो आणि तिसऱ्या घरी तेच. अशा काकूंना काम करायचेच असेल तर फोन करणे, औषधांसाठी पैसे गोळा करणे, कायमची घरे शोधणे ही कामे आहेत, आणि ती करायला माणसे नेहमीच कमी पडतात.

चौदा दिवस निर्वेध पार पडले, वजने वाढली, कोणी शिंकत नाही, कोणाच्या कानामागे टक्कल नाही, असे झाले की दार उघडायचे. तेही एकदम नाही. आधी दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या. एकमेकांचा वास जेवणाबरोबर ओळखीचा होऊ द्यावा. मग फट. मग दार. घरचा बोका फिसकारील, एखादा फटका देईल, आणि बहुधा आठवड्याभरात शेपटीचा टोकाचा भाग पिल्लांना खेळायला देऊन आढ्यतेने दुसरीकडे पाहत बसेल. कायमच्या घरी जाताना पिल्लाबरोबर लसीचे कार्ड द्यावे, पुढच्या मात्रेची तारीख त्यावर ठळक लिहून. वहीतले त्याचे पानही फाडून द्यावे. नव्या डॉक्टरांना ते लागते. आणि नव्या घरी आधीचे मांजर असेल तर तिथेही न्हाणीघर मोकळे करायला सांगावे, कारण त्या घराच्या दृष्टीने हा पुन्हा पहिला दिवस आहे.